पॅरालिसिसनंतर पायाचा व्यायाम: आधी उभं राहणं, मग चालणं

वडिलांची उजवी बाजू गेली तेव्हा आम्हाला फक्त चालवायची घाई, दोघं जण दोन बाजूंनी धरून हॉलमध्ये फिरवायचो आणि ते सगळं वजन डाव्या पायावर टाकून उजवा नुसता फरफटत न्यायचे. फिजिओ मॅडम बघून म्हणाल्या, अहो, चांगला पायच सगळं काम करतोय, दुबळ्याला चान्स कुठंय?

म्हणून पहिलं काम खुर्चीतून उठणं-बसणं. (डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटल्यावरच, आणि बीपी बघून.) हात असलेली दणकट खुर्ची भिंतीला टेकवा, सीटवर घट्ट उशी टाकून उंच करा. दुबळं पाऊल चांगल्या पावलाच्या जरा मागे घ्यायचं, टाच टेकलेली, मग पुढे वाकायचं आणि उठायचं, पाऊल मागे असलं की वजन आपोआप त्याच्यावर येतं, सगळी गंमत तिथंच आहे. ८-१० वेळा, दम खाऊन परत. बसताना धपकन नाही, सावकाश, उतरतानाही चांगला व्यायाम होतो. जमायला लागलं की उशी काढा.

दुसरं, ओट्याला धरून उभं राहणं, मागे खुर्ची हवीच. दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवून एकेका पायाखाली एक घ्या (आम्ही एक शेजाऱ्यांकडून मागून आणला). आकडा दिसला की पेशंटलाच कळतं आपण किती चोरी करतोय, बाबांच्या उजव्या काट्यावर आधी १५ किलोसुद्धा येत नव्हतं. पुढे काटे काढून चांगला पाय जेवणाच्या पाटावर ठेवायचा, की दुबळ्याला वजन घ्यावंच लागतं, फक्त गुडघा मागे कडक होऊन अडकू देऊ नका.

तिसरं, पलंगावर उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, ५ सेकंद, श्वास न रोखता. दुबळा गुडघा बाहेर पडत असेल तर कुणीतरी धरा.

मदत करणाऱ्याने उभं राहायचं दुबळ्या बाजूला आणि धरायचं कमरेच्या पट्ट्याला. दुबळा हात किंवा बगल धरून ओढलं तर खांदा निसटू शकतो, ही चूक आम्हीपण केलीय. घरातल्या सपाता बंद, मागे पट्टा असलेली सँडल घाला. काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी.

चक्कर किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा. तोंड नव्याने वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर फिजिओला फोन करत बसू नका, सरळ १०८ लावा.