वृत्तपत्रासाठी फोटो काढताय? या चुका टाळा

"फोटोतला माणूस कोण?" डेस्कवरून हा प्रश्न मी नव्या फोटोग्राफरांना रोज विचारतो आणि रोज तेच ऐकतो, "घाईत विचारायचं राहिलं, सर." फ्रेम, प्रकाश सगळं उत्तम असतं, फक्त नाव नसतं. मला या चुकीची एवढी चीड का, तेही सांगतो.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. रात्री मोठा अपघात झाला. रुग्णालयाच्या बाकावर एक तरुण ओंजळीत तोंड लपवून रडत होता, शर्टावर रक्त. मी दहा-बारा फ्रेम घेतल्या. अंक सुटायला वीस मिनिटं होती. शेजारी उभा असलेला कुणीतरी म्हणाला, "अपघातात गेला त्याचा भाऊ असेल." मी फोटोओळ लिहिली, 'मृताचा शोकाकुल भाऊ'. पहिल्या पानावर आली. दुसऱ्या दिवशी खरा भाऊ कार्यालयात आला. रात्री तो तिथे पोचलाच नव्हता. रडणारा तरुण वाटेने जाणारा होता, जखमीला त्यानेच उचलून आणलं होतं. दुरुस्ती आतल्या पानावर दोन ओळींत छापली. पण एका परक्या माणसासाठी कुणी असं रडत होतं, हीच खरी बातमी होती, आणि एक प्रश्न न विचारल्यामुळे ती मी घालवली.

तेव्हापासून मी नाव आणि नातं त्याच माणसाच्या तोंडून ऐकतो, वहीत लिहितो, त्याला वाचून दाखवतो आणि वहीच्या त्या पानाचाही फोटो काढतो, म्हणजे मेमरी कार्डावर कुठला फोटो कुणाचा हा क्रम राहतो. माणूस बोलण्याच्या स्थितीत नसेल तर जे दिसलं तेवढंच लिहावं, 'रुग्णालयात रडणारा तरुण'. तर्क लिहू नये.

दुसरी चूक संगणकावर होते. मार्च २००३ मध्ये इराकमधल्या बसराजवळ लॉस एंजेलिस टाइम्सचे ब्रायन वॉल्स्की यांनी एका ब्रिटिश सैनिकाच्या दोन फ्रेम जोडून एक फोटो केला. मागच्या गर्दीतली काही माणसं त्यात दोनदा दिसली आणि नोकरी गेली. सीरियात काम केलेल्या नार्सिसो काँत्रेरास यांची गोष्ट मला जास्त लागते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या ज्या चमूला २०१३ चं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतला मोठा पुरस्कार, मिळाला, त्यात ते होते. त्यांनी एका फोटोच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. संस्थेने त्यांचे जवळपास पाचशे फोटो तपासले, दुसरी फेरफार सापडली नाही, तरीही जानेवारी २०१४ मध्ये त्यांच्याशी संबंध तोडले. तो कॅमेरा तिथे राहिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? "कोपऱ्यातलं एवढंसंच काढलं" असं कुणी म्हणालं की मी हेच उदाहरण देतो. क्रॉप करा, उजेड सावरा, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढा. त्यापुढे हात थांबला पाहिजे.

"पुन्हा एकदा हार घाला" असं सांगून घटना परत घडवू नका. पोर्ट्रेटसाठी बसवलं असेल तर फोटोओळीत तसं लिहा.

कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्याआधी लावा.

दर वेळी शेकडो फ्रेमचा सपाटा लावणाऱ्यांना मी आधी थांबून बघायला सांगतो. त्यांना ते आवडत नाही.

मदत करू की फोटो काढू? जवळ दुसरं कुणी नसेल तर कॅमेरा खाली ठेवा. केव्हिन कार्टर यांचा सुदानमधला, गिधाड आणि भुकेलेल्या मुलाचा फोटो १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापला तेव्हा वाचकांनी त्या मुलाचं पुढे काय झालं हे विचारलं. मूल पुढे चालायला लागलं होतं, अन्नकेंद्रापर्यंत पोचलं का ते माहीत नाही, एवढंच संपादकांना छापता आलं. म्हणून दुःखात असलेल्या माणसाचा फोटो काढला की निघण्याआधी त्याला कुठे नेणार हे मी विचारतोच, आणि दुसऱ्या दिवशी चौकशी करतो.

आणि अंक छापून आला म्हणून लगेच कार्ड फॉरमॅट करू नका. मूळ फाइल मी जपून ठेवतो. तक्रार आली तर तीच दाखवावी लागते.