कृष्णविवराच्या सावलीवरून गुरुत्वाकर्षण तपासताना या चुका टाळा

हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला मंजुरी मिळाल्यापासून मराठवाड्यातील एम.एस्सी.चे विद्यार्थी गुरुत्वाकर्षणाचे प्रकल्प आवडीने घेऊ लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र दरवर्षी त्यांच्या वह्यांत त्याच त्या चुका सापडतात, याचे वाईट वाटते.

सर्वांत घातक चूक वस्तुमानाची आहे. कृष्णविवराने प्रकाश गिळल्यामुळे दिसणारा काळा भाग म्हणजे त्याची सावली, आणि तिचा व्यास वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. नांदेडच्या एका विद्यार्थ्याने एम-८७ या दूरच्या दीर्घिकेमधील कृष्णविवराचे वस्तुमान ३.५ अब्ज सूर्यांइतके धरले आणि सावलीचा व्यास सुमारे २१ मायक्रोआर्कसेकंद काढला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग आणि मायक्रोआर्कसेकंद म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग). २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रातील वलय, म्हणजे सावलीभोवतीचे तेजस्वी कडे, ४२ मायक्रोआर्कसेकंदांचे आहे. हा दुपटीचा फरक भरून काढण्यासाठी त्याने सुधारित गुरुत्वाकर्षणाचा, म्हणजे आइन्स्टाइनच्या सिद्धांतात बदल सुचवणाऱ्या सिद्धांताचा, एक नवा स्थिरांक घातला आणि ‘आइन्स्टाइन अपुरे पडतात’ हे वाक्य लाल शाईने अधोरेखित केले. वस्तुतः ३.५ अब्ज हा आकडा वायूच्या गतीवरून आलेला होता. ताऱ्यांच्या गतीवरून तो ६.२ अब्ज येतो आणि तेवढ्यानेच व्यास ३८ वर जातो. हे दाखवताच त्याने घाईने ६.५ अब्ज घातले, उत्तर ४० च्या जवळ आले आणि सिद्धांत सिद्ध झाला, असे तो म्हणाला. ही चूक पहिलीपेक्षा मोठी होती, कारण ६.५ अब्ज हे वस्तुमान त्याच वलयावरून, व्यापक सापेक्षता हा आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत गृहीत धरूनच काढलेले आहे. “सर, मग आपण तपासलं काय?” हा त्याचा प्रश्न अगदी योग्य होता.

तेव्हापासून प्रत्येक वस्तुमानापुढे ते कशावरून मोजले, हे वहीत लिहिल्याशिवाय मी कोणाला संगणकाला हात लावू देत नाही. नवख्यांनी आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवरापासून सुरुवात करावी. त्याचे सुमारे ४० लाख सूर्यांचे वस्तुमान ताऱ्यांच्या कक्षांवरून स्वतंत्रपणे मिळते.

दुसरी चूक शब्दांची आहे: वलय म्हणजे सावली नव्हे, आणि सावली म्हणजे घटना क्षितिजही (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा) नव्हे.

सूर्याजवळून जाणारा प्रकाश १.७५ आर्कसेकंद वळतो, हे सांगणारे सोपे सूत्र कृष्णविवराजवळ वापरू नये. गुरुत्वीय त्रिज्या म्हणजे गुरुत्व स्थिरांक आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून येणारी लांबी. जो किरण सरळ गेला असता तर केंद्रापासून या त्रिज्येच्या ६ पट अंतरावरून गेला असता, त्याला हे सूत्र ३८ अंशांचे वळण देते. प्रत्यक्षात हे वळण ८० अंशांहून अधिक असते. तयार कोड उतरवून घेणाऱ्यांना हा फरक कधीच दिसत नाही, म्हणून एक तरी किरण हाताने सोडवावा, असा माझा आग्रह असतो.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराच्या सावलीचा मोजलेला व्यास ४८.७ ± ७ मायक्रोआर्कसेकंद आहे. आपल्या सुधारित सिद्धांताने व्यासात पडणारा २ टक्क्यांचा फरक त्या ± ७ च्या अनिश्चिततेत बुडून जातो. त्यामुळे आलेखावर आधी त्या अनिश्चिततेचा पट्टा काढावा आणि मगच आपली रेषा ओढावी.