बोर्डोचा मळा बघायला जाताना

मोरचूद आणि चुना कालवून केलेलं बोर्डो मिश्रण तासगावच्या आमच्या पाहुण्यांच्या द्राक्षबागेवर बुरशीसाठी मारताना मी लहानपणापासून बघतोय. फ्रान्समधल्या ज्या बोर्डोचं नाव त्याला लागलं, तिथं मुलीच्या शिक्षणाच्या निमित्तानं आम्ही दोघं गेलो आणि चार शातो बघून आलो. शातो म्हणजे खरं तर वाडा, पण तिकडं त्या शब्दात मळा, वाइन करायची जागा आणि तळघर सगळं येतं. आम्ही करवीर तालुक्यातले ऊसवाले. तरी सांगतो, शेती केलेल्या माणसाला तिथं जास्त गोडी लागते.

वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका. दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा आणि इंग्रजीतून माहिती हवी, हे त्यातच लिहा. दुपारी बारा ते दोन जेवणाची सुट्टी असते. एका ठिकाणी आम्ही सव्वाबाराला पोचलो तर फाटक बंद झालेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी असते, तेव्हा त्यांना बोलायला सवड नसते, मे-जून बरा. पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून वेगवान रेल्वे दोन तासांच्या आसपास बोर्डोला पोचवते. तिथून सेंट एमिलियन या वाइनच्या गावाला लोकल गाडी आहे, उतरून वेलींच्या मधून दीडेक किलोमीटर चालायचं. गाडी भाड्यानं घेऊ नका. वाइनची चव घेतल्यावर चालवायची नाही, हे आधीच ठरलेलं बरं.

दिवसात दोनच शातो. आम्ही पहिल्या दिवशी तीन केले आणि तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळेना.

गेल्या गेल्या ग्लास घेऊ नका, आधी मळ्यात न्यायला सांगा. आपल्याकडं मांडवावर वेल, ठिबक, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तिकडं वेल कमरेएवढी, तारेवर बांधलेली. हिवाळ्यात पानं गळतात आणि तेव्हाच वर्षातली मुख्य छाटणी. पाणी द्यायला सहसा परवानगीच नसते, मुळांनी खाली जाऊन शोधायचं. सेंट एमिलियनला चुनखडी आणि चिकणमाती, म्हणून तिथं मर्लो जातीची द्राक्षं जास्त. नदीपलीकडं मेडॉक भागात गोटे-वाळूची जमीन, तिथं कॅबर्ने सोविन्यों ही जात. ओळींच्या टोकाला गुलाब दिसले, तर ते का लावलेत विचारा. भुरी हा बुरशीचा रोग आधी गुलाबावर दिसतो, म्हणून ही जुनी रीत.

आणि बोर्डो मिश्रणाचा विषय काढाच. रस्त्याकडची द्राक्षं कुणी तोडून खाऊ नयेत म्हणून मेडॉकचे शेतकरी वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. त्याच वेली डाऊनी या रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं आणि 1885 साली त्यानं ते मांडलं. आमच्याकडं आजही हेच मारतात म्हटल्यावर तिथल्या आजोबांनी आम्हाला औषधाची खोली उघडून दाखवली. ठरलेला एक तास दोन तासांवर गेला.

चवीच्या दिवशी अत्तर, गजरा, तंबाखू, वेलदोडा काही नको. सकाळी अकराची वेळ चांगली. तळघर गार असतं, स्वेटर न्या. 225 लिटरची ओकच्या लाकडाची पिंपं तिथं रांगेत असतात. ग्लास दांडीला धरा. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा, न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या. गुऱ्हाळावर काहिलीच्या वासावरून पाक कुठवर आला हे ओळखणारा गुळव्या आठवा, तीच सवय इथं कामाला येते. घोट तोंडात घोळवा आणि ठेवलेल्या भांड्यात थुंका. त्यात कुणाचा अपमान नाही, ते स्वतःही थुंकतात. हिरड्यासारखा तुरटपणा जाणवला तर तो सालीचा आणि बियांचा. वाइन कोवळी असताना जास्त असतो. व्हॅनिलाचा वास नव्या पिंपाचा. माझी बायको पीत नाही, पण वास तिनंच सगळ्यात नेमका सांगितला. न पिणाऱ्यांनी बाहेर थांबू नये.

छोट्या शातोवर पैसे न घेता चव दिली असेल, तर एखादी बाटली घ्या. परत येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू भारतात करमुक्त आणता येते, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा.

घरी उघडाल तेव्हा तांबड्या रश्शाबरोबर नको. तिखटापुढं तुरटपणा आणि जळजळ दोन्ही वाढतात. आम्ही पांढऱ्या रश्शाबरोबर उघडली, कमी मिऱ्याचा केला होता. छान जुळली.