वस्तीची मोजणी: नळापासून अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत

‘आमच्या वस्तीत पाण्याची टंचाई आहे’ हे कुणी नाकारत नाही आणि त्यावर कुणी काही करतही नाही. ‘सातव्या गल्लीतल्या नळाला दिवसातून दोन तास पाणी येतं, मिनिटाला १२ लिटर, आणि त्यावर ६० घरं आहेत’ याला मात्र उत्तर द्यावं लागतं. मोजणी करायची ती असं वाक्य हाती यावं म्हणून. त्यामुळे प्रश्नावलीआधी दोन गोष्टी लिहून काढा: कोणता निर्णय बदलून हवा आहे आणि तो घ्यायचा अधिकार कुणाला आहे. उत्तर काहीही आलं तरी ज्यानं मागणी बदलणार नाही, तो प्रश्न गाळा. एवढ्यानंच निम्मी प्रश्नावली कमी होते.

इथे उदाहरण पाण्याचं घेतलं आहे. शौचालयं, दिवे, कचरा, तुंबणारी गटारं यांनाही थोड्याफार फरकानं हीच पद्धत चालते.

आधी असलेली माहिती

जनगणना, प्रभागाचे आकडे, तक्रारींची नोंद हे सगळं मिळवा, पण जपून वापरा. प्रभागाच्या सरासरीत गरीब वस्ती आणि शेजारची सुस्थितीतली इमारत एकत्र मोजली जाते, त्यामुळे वस्तीतली कमतरता दिसतच नाही. तक्रारींच्या नोंदीतून कुठे त्रास आहे यापेक्षा कुठली माणसं तक्रार करू शकतात हेच जास्त कळतं. शून्य तक्रारींची गल्ली सुखी समजू नका.

नकाशा आणि घरांचे क्रमांक

ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून वस्तीची बाह्यरेषा आणि मुख्य रस्ते मोठ्या कागदावर उतरवा. आतल्या गल्ल्या चालत जाऊन काढा, सोबत तिथे राहणारं माणूस असू द्या. फोनच्या जीपीएसवर घरं टिपायचा मोह आवरा. मोकळ्या आकाशाखालीही ते साधारण पाच मीटरनं चुकतं, दाटीत त्याहून बरंच जास्त. दीड मीटर रुंदीच्या गल्लीत तुमचा ठिपका सरळ पलीकडच्या गल्लीत पडतो. त्यापेक्षा गल्लीला अक्षर, घराला क्रमांक, मजल्याला क्रमांक द्या: ‘क-१४-२’. एका दाराआड दोन बिऱ्हाडं असतील तर एक चूल म्हणजे एक कुटुंब धरा. हा नियम सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितला नाही तर दोन मोजणाऱ्यांच्या घरसंख्या कधीच जुळत नाहीत.

किती घरं?

तीनशेपर्यंत घरं असतील तर सगळी मोजा. निवडीचा वाद उरत नाही. त्याहून जास्त असतील तर ठरावीक अंतरानं निवडा. १२०० घरांतून २०० हवी असतील तर दर सहावं घर, आणि पहिलं घर १ ते ६ मधली चिठ्ठी उचलून ठरवा. २०० घरांवरून काढलेली टक्केवारी ६ ते ७ अंकांनी इकडे-तिकडे असू शकते. ५० घरांवर हीच चूक १४ पर्यंत जाते. म्हणून २०० घरांच्या नमुन्यावरून ‘या गल्लीत त्या गल्लीपेक्षा ५ टक्के जास्त त्रास’ असं लिहू नका.

दार बंद असेल तर शेजारच्या घरात शिरून काम उरकायचं नाही. बंद दारं बहुतेक वेळा दिवसभर कामावर असणाऱ्यांची असतात, आणि पाण्याची वेळ नेमकी त्यांनाच गैरसोयीची असते. संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस धरून तीनदा जा. तरीही कुणी भेटलं नाही तर ‘भेट झाली नाही’ अशी नोंद करा.

प्रश्न

बारा ते पंधरा, दहा मिनिटांत संपणारे. ‘सहसा’ विचारू नका, ‘काल’ विचारा: काल पाण्याच्या किती फेऱ्या झाल्या, कोण गेलं, रांगेत किती वेळ गेला? ‘पाणी कमी पडतं ना?’ असा प्रश्न केला की सगळे हो म्हणतात आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. आधी दहा घरांत चाचणी घ्या. निदान दोन प्रश्न वेगळ्याच अर्थानं घेतले जातात असा अनुभव येईल.

‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘उत्तर दिलं नाही’ या तीन वेगळ्या नोंदी आहेत. ‘उत्तर नाही’साठी ९९ लिहिण्याची सवय असेल तर सरासरी काढण्याआधी ते गाळा, नाहीतर एखादं कुटुंब दिवसाला ९९ फेऱ्या मारताना दिसेल. फोनवर भरायचं असेल तर कोबो टूलबॉक्स हे प्रश्नावली भरायचं साधन इंटरनेट नसतानाही चालतं. कागदही चालतो, फक्त त्याच संध्याकाळी तपासायला हवा.

नळाची मोजणी

सगळ्यात वजनदार आकडा इथून मिळतो, आणि नेमकं हेच काम टाळलं जातं. बादलीवर छापलेल्या लिटरवर विसंबू नका. एक लिटरच्या बाटलीनं भरत १५ लिटरची खूण करा. खुणेपर्यंत भरायला ७५ सेकंद लागले तर धार मिनिटाला १२ लिटर. दाब बदलतो, म्हणून पाणी आल्या आल्या, मध्यावर आणि जाण्याआधी असं तीनदा मोजा. असं किमान सात दिवस करा, म्हणजे आठवड्यातला हुकलेला दिवसही सापडतो.

आता हिशेब. दोन तासांत १४४० लिटर. ६० घरं, घरटी ५ माणसं, म्हणजे ३०० जण: माणशी ४.८ लिटर, तेही थेंब सांडला नाही तर. आपत्तीतल्या छावण्यांसाठीच्या स्फिअर मानकांत दिवसाला माणशी किमान १५ लिटर आणि एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं धरली आहेत. कायमची वस्ती छावणीच्याही खाली आहे, हे एका ओळीत दाखवता येतं.

पाणी निर्जंतुक करायला घातलेलं क्लोरीन किती उरलं आहे हे तपासायचा संच मिळाला तर वाहिनीच्या पहिल्या आणि शेवटच्या नळावर एकाच वेळी तपासा, जागेवरच. नमुना घरी नेला तर आकडा घसरतो. शेवटच्या नळावर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि पहिल्यावर व्यवस्थित असेल तर मधल्या वाहिनीत कुठे गळती किंवा गटाराचा शिरकाव आहे का, ते पाहायला सांगा.

आकडे वाचताना

तक्त्यात एका घराची एक ओळ. दोन रकाने एकत्र जोडू नका. एका अवाढव्य आकड्यानं सरासरी फिरते, म्हणून मधला आकडाही (सगळे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मध्यभागी येणारा) द्या. दहा टक्के घरांत दुसऱ्या माणसाला पाठवून तीन प्रश्न पुन्हा विचारा. एकाच मोजणाऱ्याची उत्तरं वारंवार जुळत नसतील तर त्याचं सगळं काम पुन्हा करा.

जिथे त्रास नाही ती घरंही पाहा. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकीनं माणसं दगावत होती, तेव्हा डॉक्टर जॉन स्नोनं जवळच असूनही वाचलेल्यांकडे लक्ष दिलं: स्वतःची विहीर असलेलं आश्रयगृह आणि त्या पंपाचं पाणी न पिणारे दारूभट्टीतले कामगार. पंपावरचा संशय त्यामुळे बळकट झाला.

कुणाला काय दाखवायचं

नावं आणि घरक्रमांकांची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी. जागेच्या मालकीचे कागद तुमच्या मागणीला लागत नसतील तर विचारूच नका. घरनिहाय नकाशा उद्या पाडकामासाठीही वापरला जाऊ शकतो. बाहेर जाणारा नकाशा गल्लीनिहाय ठेवा आणि पाचांहून कमी घरांचा गट वेगळा दाखवू नका.

कार्यालयात जाण्याआधी तक्ता गल्लीत भिंतीवर लावा. चुका तिथेच सापडतात, आणि अधिकाऱ्यानं ‘हे आकडे कुणाचे?’ विचारलं तर उत्तर द्यायला माणसं असतात. निवेदन एका पानाचं: एक मागणी, तीन आकडे, एक नकाशा, मोजणीच्या तारखा. तीन मागण्या दिल्या की सर्वांत स्वस्त ती मान्य होते.

काम झाल्यावर पुन्हा मोजा: तोच नळ, तीच बादली, तेच वार, शक्यतो तोच ऋतू. जिथे दुरुस्ती झाली नाही असा एक नळही सोबत मोजा. दोन्हीकडे पाणी सारखंच वाढलं असेल तर श्रेय दुरुस्तीचं नाही, वरून सुटलेल्या जादा पाण्याचं आहे, आणि ते पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जाईल.