लिनक्स टाकताना मशीन हँग होतं तेव्हा

उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना स्क्रीन गोठली की बहुतेक जण पॉवरचं बटण दाबून धरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. दुसऱ्यांदाही ते तिथेच अडकतं. त्यापेक्षा नेमकं कोणत्या टप्प्यावर थांबलं ते लिहून ठेवा, कारण निम्मं निदान त्यातच असतं.

मशीन खरंच हँग झालंय का, हे आधी बघा. कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलच कोसळलाय. कर्नल जिवंत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा टर्मिनल आला की 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) चालवा, म्हणजे कर्नलचे संदेश दिसतील. शेवटच्या ओळींत 'स्क्वॉशएफएस एरर' दिसली तर संशय पेनड्राइव्हवर किंवा डाउनलोड केलेल्या फाइलवर. डिस्कच्या नावासोबत 'आय/ओ एरर' असेल तर डिस्क किंवा तिची केबल. 'नूव्हो' हा शब्द सारखा येत असेल तर ग्राफिक्स. फायली डाउनलोड होताना प्रगतीची पट्टी थांबली असेल, तर कधी कधी नुसतं नेट मंद असतं. वाय-फाय न जोडता इन्स्टॉल करून बघा.

पेनड्राइव्हचा संशय सगळ्यात स्वस्तात फिटतो. आयएसओ फाइलचा (डाउनलोड केलेल्या उबुंटूच्या फाइलचा) शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलची ओळखखूण, काढा आणि उबुंटूच्या साइटवर दिलेल्या ६४ अक्षरांशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा उतरवा. चेकसम जुळूनही अडत असेल तर पेनड्राइव्ह बदला, पोर्टही बदला. रुफसने (पेनड्राइव्हवर आयएसओ लिहिणारा प्रोग्राम) लिहीत असाल तर दुसऱ्या वेळी डीडी पद्धत निवडा.

एनव्हीडियाचं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर मात्र लोगो दिसतो आणि पुढे काळी किंवा गोठलेली स्क्रीन राहते. लिनक्सचा मुक्त ड्रायव्हर नूव्हो, काही कार्डांना चालू करतानाच अडखळतो. उबुंटूच्या पहिल्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स'चा पर्याय आहे, आधी तो वापरा. तो नसेल तर 'ट्राय ऑर इन्स्टॉल'वर बाण ठेवून 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. ते पुसा, म्हणजे बूट होतानाचे संदेश डोळ्यांना दिसतील, आणि त्यांच्या जागी 'नोमोडसेट' लिहा: एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सगळी लहान अक्षरं, सलग. मग एफ१०. चित्र ढोबळ दिसेल, पण इन्स्टॉल पार पडेल. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या बूटलाही तो पुन्हा करावा लागू शकतो. मग 'अॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून एनव्हीडियाचा ड्रायव्हर टाका आणि नोमोडसेट कायमचं लिहून ठेवलं असेल तर काढून टाका. अनेक जण ते कायमचं ठेवून देतात आणि मग व्हिडिओ अडखळतो म्हणून लिनक्सला दोष देतात, हे खरंच वाईट वाटतं.

दर वेळी वेगळ्याच जागी हँग होत असेल तर रॅम तपासा. मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. ८ जीबीला बराच वेळ जातो, रात्री लावून ठेवलेलं बरं. लाल रंगात एकही चूक दिसली तर ती रॅम वापरण्याजोगी नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चाचणी घ्या. वीज काढून, सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवल्यावर कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

फायली कॉपी होताना नेहमी त्याच टक्क्यावर थांबत असेल तर लाइव्ह उबुंटूतलं (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूतलं) 'डिस्क्स' उघडा आणि स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न आलेले भाग) शून्याच्या वर असेल तर इन्स्टॉल पुढे नेऊ नका, आधी डेटा दुसरीकडे हलवा. फक्त 'यूडीएमए सीआरसी'चा (डेटा ने-आण करतानाच्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर बहुधा साटा केबल सैल किंवा खराब असते, आणि ती डिस्कपेक्षा खूपच स्वस्त आहे.

डिस्क यादीतच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, बऱ्याचदा आरएसटी किंवा रेड (RAID) असतो; तो एएचसीआय करावा लागतो. विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल घाईत करू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असल्यास रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, कारण बदल झाल्यावर विंडोज ती मागू शकतं किंवा बूटच होत नाही.