जेआर-वनच्या वर्षी मन कोरडे पडू लागते तेव्हा

अंबाजोगाई, नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे मेडिसिनला जेआर-वन, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, म्हणून रुजू होणाऱ्यांना इमर्जन्सी डे, म्हणजे तातडीचे रुग्ण आपल्या युनिटकडे येण्याचा दिवस, कसा असतो, हे इंटर्नशिपपासून ठाऊक असते. झोप मोडणार, जेवण चुकणार, थिसिस मागे पडणार, याची तयारी ठेवूनच प्रत्येक जण येतो, म्हणून थकव्याविषयी मी फार लिहीत नाही. थकवा स्वतःला कळतो. कळत नाही तो कोरडेपणा, आणि मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयात पहिले वर्ष काढताना मला त्यानेच गाठले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने खचून जाण्याची, तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि कामाची परिणामकारकता घटणे. यांपैकी दुसरे अंग वॉर्डात गुण म्हणून खपते. नातेवाइकांना दोन शब्दांत वाटेला लावणाऱ्याचे काम वेळेवर संपते, त्याचे केसपेपर पूर्ण असतात आणि सीनियर म्हणतात की हा आता तयार झाला. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने कळवळणारा शेतमजूर कॅज्युअल्टीत येतो, अंगावर कसलीही खूण नसते, आणि त्याची आई पुन्हा पुन्हा सांगत असते की पोरगं रात्री ओसरीत खालीच निजलं होतं. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही. संशय घ्यायचा तो त्या माउलीच्या वाक्यावरूनच, पापण्या जड होऊन श्वास अडखळण्याआधी. कोरड्या पडलेल्या डॉक्टरला मात्र ती बाई नुसती कामात आडवी येत आहे असे वाटते. कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाचेही तसेच आहे. लाळ थांबली, बाहुल्या सुधारल्या, तरी पुढचे तीन-चार दिवस त्याला उशीवरून मान उचलता येते का, हे पाहत राहावे लागते, आणि ‘याने स्वतःच घेतले आहे’ हा राग मनात बसला की नेमकी तीच तपासणी उरकली जाते. म्हणून नातेवाइकाचा साधा प्रश्न हल्ल्यासारखा वाटू लागला, किंवा नवीन ॲडमिशन कळताच पहिल्यांदा संताप येऊ लागला आणि हे काही आठवडे टिकले, तर त्याला कणखरपणा समजू नका.

तुम्ही वाईट डॉक्टर झालेले नसता, हेही तितक्याच ठामपणे सांगते. झोप आणि सुटी मिळू लागली की आपुलकी परत येते, माझी आली.

‘आम्हीही हेच सोसले’ असे म्हणणाऱ्या सीनियरकडून औषधोपचार शिकावा, जगण्याची रीत शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या नावाचा गुरू शोधण्यापेक्षा एक वर्ष पुढचा समंजस जेआर-टू आणि रात्रपाळीच्या अनुभवी सिस्टर यांचा आधार अधिक खरा असतो. झोपेसाठी अल्प्राझोलम किंवा जागण्यासाठी गोळी स्वतःच लिहून घेऊ नका, एकदाही नाही. पोस्ट-इमर्जन्सीच्या दुपारी उरलेल्या डिस्चार्ज समरी हातावेगळ्या करण्याचा मोह सोडून पुढच्या डॉक्टरला नीट हँडओव्हर द्यावा आणि झोपावे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत साप्ताहिक सुटी आणि वर्षाला किमान २० दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांच्या मर्यादेची शिफारस केली. कामाच्या निकडीचे कारण पुढे करून यातले बरेच कागदावरच राहते, हे खरे आहे. तरीही रजेचा अर्ज लेखीच द्यावा आणि तोही ड्यूटीचा तक्ता लागण्यापूर्वी, कारण तक्ता लागल्यावर तुमची सुटी म्हणजे जोडीच्या जेआरची सलग दुसरी रात्रपाळी ठरते.

आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जाण्याचा संकोच मी समजू शकते, तिथे सगळेच ओळखीचे असतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जोडीच्या जेआरच्या तोंडून जगणे नको झाल्याची भाषा ऐकू आली, तर त्याला एकटे सोडू नका, त्याची ड्यूटी दुसऱ्याकडे द्या आणि सकाळच्या राऊंडची वाट न पाहता युनिटच्या लेक्चररना फोन करा.