मोरपंखीची बुरशी पाईनला चालत नाही

बेळगाव-खानापूरकडच्या नर्सरीत मोरपंखी, ख्रिसमस ट्री (अरौकेरिया), पाईन आणि सुरू एकाच ओळीत मांडलेले दिसतात. (सुरू सूचिपर्णी नव्हे, पण कोण ऐकतो!) सगळ्यांना एकाच पाकिटातली मायकोरायझा (मुळांना स्फुरद पुरवून बदल्यात साखर घेणारी बुरशी) भुकटी घातली, की बाकीची रोपं तरारतात आणि पाईन पिवळा पडतो.

मोरपंखी आणि ख्रिसमस ट्रीच्या मुळांत व्हॅम (मायकोरायझाचाच एक प्रकार) बुरशी पेशींच्या आत शिरून राहते. मका-कांद्याच्या मुळांतही हीच असते. पाईन, देवदाराची बुरशी निराळी. ती बारीक मुळांवर मोजा चढवावा तशी बसते आणि पेशींच्या फटींतून जाळं विणते. पाकिटावर नुसतं 'व्हॅम' लिहिलेलं असेल, तर पाईनसाठी पैसे घालवू नका.

व्हॅम घरी वाढवता येते. एप्रिल-मेमध्ये माती आणि वाळू निम्मी-निम्मी घ्या, ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली 4 ते 6 आठवडे उन्हात तापवा. कुंडीत भरून बियांखाली 100 ग्रॅम विरजण-व्हॅम पसरा, वर मका पेरा. मोहरी किंवा कोबी नको, त्यांच्या मुळांत ती वाढतच नाही. अडीच-तीन महिन्यांनी पाणी तोडा, दहा-बारा दिवसांनी ताटं कापा, मुळं बारीक चिरून मातीत मिसळा. रोपाच्या पिशवीत मुळांना लागून 10-20 ग्रॅम पुरते.

पाईनला जुन्या, निरोगी पाईनखालचीच माती लागते. पोर्तो रिकोत पाईनची रोपं वर्षानुवर्षं खुरटत होती, अशी माती मिळाल्यावर वाढली. भीमगडच्या रानातली माती आणून उपयोग नाही: तिथे पाईनचं जंगल नाही, शिवाय ते अभयारण्य आहे. पाईनच्या मालकाला विचारून झाडाखालचा वरचा पाचोळा बाजूला सारा आणि बारीक मुळांसकट 5-10 सेंमी थर घ्या. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. उन्हात वाळली तर बुरशी मरते. नऊ घमेली पिशवीच्या मिश्रणाला हे एक घमेलं. मिश्रण खानापूरकडच्या तांबड्या जांभ्या मातीचं, सामू (पीएच) 5 ते 6. पूर्वेकडची चुनखडीची काळी माती नकोच.

यानंतर बिघडतं ते बहुधा आपल्याच हातानं. डीएपी खताची चिमूट घातली, की स्फुरद फुकट मिळाल्यावर रोप बुरशीला साखर देणं आवरतं घेतं. मर रोग दिसला म्हणून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओतलं, तर उपयोगाच्या बुरशीलाही फटका बसतो. आणि खानापूरच्या पावसात पिशव्या जमिनीवर टेकल्या, की मुळांना हवा मिळत नाही. विटांवर ठेवा, तळाची भोकं मोकळी करा.

चार-पाच महिन्यांनी एक रोप उपटून मुळं पाण्यात हळूच हलवून धुवा, भिंगातून पाहा. आखूड मुळं बेचकीसारखी दुभागलेली, टोकं बोथट, वर पांढरट किंवा तपकिरी लव असेल तर बुरशी लागली. नुसते मुळांचे केस दिसले, तर तीच माती पुन्हा मुळांजवळ घाला. मोरपंखीत मात्र असं काही शोधू नका. व्हॅम रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.